बाईंचं चित्र

“ज्या बाईंनी माझं चित्र घेतलं ना, त्यांना एकदा भेटायचंय मला,” असं ती म्हणाली तेव्हा मी फ्रेम कापत होते. हातात पट्टी, समोर करवत, अंगभर लाकडाचा भुसा, आणि दारात ही. आधी मी तिला ओळखलंच नाही. केस पांढरे झालेले, खांद्याला कापडी पिशवी, आणि आपण चुकीच्या घराची बेल तर वाजवली नाही ना, असा चेहरा. मग तिने नाव सांगितलं, आणि ते चित्राखालच्या चिठ्ठीवर मी रोज वाचते तेच नाव निघालं. रोज म्हणजे रोज. दहा-अकरा वर्षं तरी झाली. एखादं नाव इतकी वर्षं नुसतं वाचत राहिलं की त्यामागे माणूस असतो हेच विसरायला होतं. “या ना, आत या, बसा,” मी म्हटलं, आणि बसायला काहीच नव्हतं, स्टुलावर काचेचे तुकडे पडले होते. ते उचलता उचलता मी विचार करत होते की आता काय करायचं. कारण ज्या बाईंना भेटायला ती आली होती त्या बाई नव्हत्याच. म्हणजे त्यांचा दुखरा गुडघा होता, तिरसट जावई होता, परगावचं घर होतं, चहा त्यांना बिनसाखरेचा लागायचा. फक्त त्या स्वतः नव्हत्या. चित्र मीच घेतलं होतं.

आमच्या दुकानाच्या पुढच्या दोन खोल्या चित्रांच्या आणि मागची फ्रेमांची. पाटीवर चित्रं आधी लिहिली आहेत आणि फ्रेमा नंतर, पण पोट भरतं ते नंतरच्यावर. चित्र घ्यायला म्हणून येणारा माणूस विरळा. लोक येतात ते भिंतीवरचा ओलीचा डाग झाकायला. एक बाई सोफ्याच्या उशीचा अभ्रा घेऊन आल्या होत्या, म्हणे ह्या रंगाचं काही आहे का, आडवं हवं. आहे की, म्हटलं, आणि समुद्र दिला. एक गृहस्थ आपल्या कुत्र्याचा फोटो मोठा करून सोनेरी फ्रेमेत घालून घेऊन गेले, आणि वडिलांच्या फोटोला म्हणाले साधी काळी चालेल. मी काही बोलत नाही. इतक्या वर्षांत मूग गिळून बसायला शिकले आहे, तोंडाने नाही तरी मनातल्या मनात सगळ्यांचा समाचार घेते. दादा इथे होता तोवर मोठ्याने घ्यायचे. तो मागे फ्रेमा करायचा, मी पुढे गिऱ्हाइकं बघायचे. तो बोलायचा कमी, मी जास्त, जमून गेलं होतं. मग पन्नाशी उलटल्यावर त्याला लग्न सुचलं. आनंदच झाला मला, खोटं कशाला सांगू, वहिनीही गुणाची आहे. पण तिची नोकरी दुसऱ्या शहरात, तेव्हा दादा तिकडे गेला आणि करवत माझ्या गळ्यात पडली. आता रविवारी फोन करतो. तब्येत विचारतो, दुकान विचारतो, आणि मग म्हणतो, “बाकी?” मी म्हणते, “बाकी काही नाही.” मग थोडा वेळ आम्ही दोघं फोन कानाला लावून नुसते थांबतो, आणि मग तो म्हणतो, “चल, ठेवू?”

तर ते चित्र. आतल्या खोलीत, मागे जायच्या दाराशेजारी लावलेलं आहे. फार मोठं नाही, दोन्ही हातांत धरून सहज नेता येईल एवढं. जेवणाचं टेबल, भर दुपारचं. टेबलावर मेणकापड, त्याच्या निळ्या चौकटी मध्येच पुसल्या गेलेल्या, जिथे कोपर टेकतात तिथे. चार खुर्च्या. त्यांतली एक मागे सरकवलेली, जरा तिरपी, आताच कुणीतरी उठून आत गेलं असावं अशी. पाण्याचा पेला अर्धा. अर्धं सोललेलं संत्रं, त्याची साल तुटू न देता काढत आणलेली आणि तशीच सोडलेली. आतल्या दारातून उजेड येतोय. बस, एवढंच. चित्रांची जाण असणारे त्याच्यापुढून निघून जातात. पेल्याची कड चुकली आहे, मलाही दिसतं. आणि एका खुर्चीचा पाय जमिनीला टेकतच नाही. पण पहिल्या दिवशी ते भिंतीला लावलं, तार नीट केली, दोन पावलं मागे सरले, आणि मला घरात कुणीतरी असल्यासारखं वाटलं. हे लिहायला सोपं आहे. दादा तिकडे जाऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं असेल. घरी मी ओट्याशी उभ्याउभ्याच जेवायला लागले होते, कारण एकटीसाठी टेबल पुसा, ताट मांडा, उचला, कोण करतो. कधी कधी संध्याकाळी कुलूप उघडताना मी उगाच जोराने किल्ली फिरवायचे, आत कुणी असलं तर कळावं म्हणून. आणि इथे, माझ्या दुकानात, खुर्ची सरकवून कुणीतरी आत गेलेलं. आता येईल. संत्रं अर्धं आहे अजून.

आणि मग आठवड्याभरात दातांचे डॉक्टर आले. त्यांना दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत लावायला काही तरी हवं होतं, लोकांना वाट बघताना बरं वाटेल असं. फिरत फिरत ते त्या चित्रापुढे येऊन थांबले, डोकं तिरकं केलं, म्हणाले, “हे बरंय. शांत आहे.” माझ्या खिशात लाल टिकल्यांचा कागद होता. आमच्याकडे विकल्या गेलेल्या चित्राच्या चिठ्ठीवर लाल टिकली लावतात, मग त्याला कुणी हात लावत नाही, गिऱ्हाईक सवडीने घेऊन जातं. मी पुढे झाले, टिकली काढली आणि डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत चिकटवली. “अरेरे, राहिली होती बघा लावायची,” म्हटलं, “हे गेलं. एका बाईंनी घेतलंय.” जिभेला हाड नसतं ते असं. डॉक्टर बिचारे होड्यांचं चित्र घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी मी घरून पैसे आणून गल्ल्यात टाकले आणि चित्र काढणारीचा हिशेब तिला पोचता केला, व्यवहार चोख. पण चित्र घरी नेलं नाही. का नेलं नाही हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. घरी माझंच टेबल आहे, त्याच्या खुर्च्या कधी हललेल्या नसतात, त्यांच्यासमोर हे चित्र लावायचं म्हणजे जखमेवर मीठ. शिवाय घरी नेलं असतं तर सकाळी उठून दुकानात यायचं ते कशासाठी? फ्रेमांसाठी? सोडा.

पण भिंतीवर लाल टिकली लागलेलं चित्र वर्षानुवर्षं राहिलं की लोक विचारणारच. “अजून नेलं नाही?” आणि मी म्हणायचे, नाही हो, बाई परगावी असतात. घर बांधणं चाललंय, भिंती झाल्या की नेतील. मग भिंती झाल्या, पण जावयाला म्हणे त्या खोलीत टीव्ही लावायचा होता. मग गुडघा निघाला. टिकली उन्हाने गुलाबी पडायची, मी नवी लावायचे, आणि त्याबरोबर बाईंची एखादी नवी बातमी. थापा मारते आहे असं मला कधी वाटलंच नाही, खरंच नाही. सकाळी आले की दिवा लावायचा, चित्राकडे बघायचं, आज कोण उठून गेलंय ते ठरवायचं. कधी थोरला मुलगा, फोन आला म्हणून. कधी कुणी रागावून उठलेलं, आणि आत जाऊन पाणी पिऊन राग गिळून परत येणार असलेलं. कधी एखादी म्हातारी, मीठ आणायला. आणि हे सगळं मी कुणाशी बोलणार? तेव्हा शेजारच्या चष्म्याच्या दुकानातले चष्मेवाले आले की मी सांगायचे, बाई म्हणत होत्या की त्या खुर्चीवरचा माणूस रागावून उठलाय. “असं?” चष्मेवाले म्हणायचे, आणि आपला चष्मा पुसून चित्र पुन्हा बघायचे. “दिसतंय खरं.” स्वतःचं म्हणून सांगितलं असतं तर म्हणाले असते, ताई, जरा हवापालट करा.

आता ती त्याच चित्रासमोर उभी होती. स्टूल मी पुसून दिलं होतं, पण ती बसली नाही, पिशवी छातीशी धरून बघत राहिली. मी तिच्या मागे. बाजूलाच किटली चढवत म्हटलं, “चहा घेणार ना?” ती म्हणाली, “अजून आहे इथंच? मला वाटलं नेलं असेल. मी आले होते तुमच्याकडून त्यांचा पत्ता घ्यायला.” मी आपली तीच टेप लावली, परगावी असतात, भिंत, जावई. ती ऐकत होती, पण मधेच तिने माझ्याकडे वळून बघितलं, आणि म्हणाली, “एक विचारू का? राग मानू नका.” “विचारा की.” मग ती बसली. पिशवी मांडीवर घेतली आणि तिचे बंद बोटाला गुंडाळत, सोडवत बोलायला लागली.

रक्त तपासायच्या लॅबमध्ये ती नोकरी करायची, अख्खा जन्म त्यात गेला, आणि रविवारी चित्रं काढायची. फार वर्षांपूर्वी एकदा कुठल्याशा सभागृहात तिने प्रदर्शन मांडलं. तीन चित्रं गेली. “केवढी हुरळले होते मी,” ती म्हणाली, “लॅबमध्ये पेढे वाटल्यासारखं सांगत सुटले सगळ्यांना. आणि मग वहिनीकडे काहीतरी शोधायला माळ्यावर चढले, तर तिन्ही तिथं. वर्तमानपत्रात बांधलेली. भावाने मित्रांची नावं पुढे करून घेतली होती. प्रेमानेच हो, वाईट काय त्यात. पण मला ना, त्या माळ्यावरून उतरावंसंच वाटेना.” ती हसली. मीही हसले, हसण्यासारखं काही नव्हतं तरी. “त्यानंतर हे एकच गेलं. माझं कुणीही न लागणाऱ्या माणसाने, मला न बघता, आपणहून घेतलं. आता मुलाने नवीन घर घेतलंय, आम्ही सगळे तिकडे जाणार. त्या घराला माळा नाही. सून चांगली आहे, काही म्हणत नाही, पण परवा विचारत होती, आई, ह्या सगळ्याचं काय करायचं? रविवारी सामानाची गाडी येणार. मी म्हटलं, देऊन टाकू भंगारात. मग रात्री वाटलं, एक तरी गेलं होतं ना. कुणाला तरी पाहिजे होतं. त्या बाईंना विचारावं, की तुम्हाला काय दिसलं त्याच्यात.” आणि मग बंद सोडून देऊन तिने सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं. “दुकानवालेसुद्धा घेतात म्हणे कधी कधी. चित्रकाराला बरं वाटावं म्हणून. तसं काही असलं तर सांगून टाका. मला काही वाटणार नाही.”

काही वाटणार नाही म्हणणाऱ्या माणसाला काय वाटणार असतं ते मला चांगलं कळतं, मी रविवारी फोनवर तेच म्हणते. तिच्या हातांकडे माझं लक्ष गेलं. लॅबमधले स्वच्छ, कोरडे हात, नखं बारीक कापलेली, आणि अंगठ्याजवळ, हात धुवायची इतक्या वर्षांची सवय असूनसुद्धा, निळ्या रंगाची एक रेघ. म्हणजे अजून काढत होती. भंगारात द्यायची भाषा, आणि गेल्या आठवड्यात कधीतरी निळा रंग. आणि मी तिला काय सांगणार होते? की होय, मीच. दया नव्हती हो, खरंच नव्हती, मला तुमची दया यायला मी तुम्हाला ओळखत कुठे होते, मला माझीच येत होती. हे असं तोंडाने बोलतात? समजा बोललेही असते. ती मान हलवून ऐकून घेती, म्हणती, असू दे, कळलं, तुमचे आभार. आणि माळ्यावरून पुन्हा एकदा उतरती.

“छे!” मी म्हटलं. जरा जास्तच जोरात म्हटलं. “आम्ही चित्रं घेत बसलो तर खायचं काय? बाई आहेत चांगल्या धडधाकट.” आणि देवाला काळजी, त्याच वेळी दारातून चष्मेवाले आत आले. त्यांना काहीतरी मोजायला माझी मोजपट्टी हवी होती, दर दोन दिवसांनी हवी असते. “कोण पाहुणे?” म्हणाले. मी सांगितलं, ह्यांनीच काढलंय हे. “अरे वा!” चष्मेवाल्यांनी हात जोडले. “म्हणजे बाईंच्या चित्राच्या तुम्ही! अहो, काय सांगू, फार रसिक बाई. मागे गुडघ्याचं ऑपरेशन झालं, शुद्धीवर आल्या आल्या पहिला प्रश्न, माझं चित्र ठीक आहे ना?” हे मी कधीही सांगितलेलं नव्हतं. शपथ घेऊन सांगते, ऑपरेशनपर्यंत मी गेलेच नव्हते. मी त्यांच्याकडे बघत राहिले आणि ते माझ्याकडे, भाबडेपणाने, पुढचं मी सांगावं म्हणून. त्यांची बायको जाऊनही आता बरीच वर्षं झाली. बाईंची चौकशी ते रोज करतात, त्यांच्या नंबरचा चष्मासुद्धा त्यांनी एकदा काढून ठेवला होता, अंदाजाने. माझ्या मनात आलं, म्हणजे हेही जातात की काय दुकान बंद केल्यावर बाईंकडे? मला जरा मत्सर वाटला. मोजपट्टी घेऊन ते गेले.

“काय म्हणाल्या हो त्या?” तिने विचारलं. आता तिचा आवाज वेगळा होता, लहान झाला होता. “पहिल्यांदा बघितलं तेव्हा?”

आणि मी सुरू झाले. आधी चाचपडत, मग बांध फुटल्यासारखी. म्हटलं, बाई म्हणाल्या, की चित्रात माणूस नाही पण घरात आहे. म्हणाल्या, ह्या खुर्चीवरचा माणूस परत येणार आहे, कारण संत्र्याची साल त्याने तुटू दिलेली नाही. अशी साल काढणारा माणूस संत्रं टाकून जात नाही. मेणकापडाच्या चौकटी कोपरांनी पुसल्यात ना, ते बघून म्हणाल्या, ह्या टेबलाशी लोक जेवण झाल्यावरही बसतात. पेल्याची कड वाकडी आहे, असंही म्हणाल्या. म्हणाल्या, असू दे, घाईत ठेवला असेल. ती फिसकन हसली, डोळे पुसले. मी थांबायला हवं होतं, पण मला थांबता येत नव्हतं. इतकी वर्षं रोज सकाळी जे मनात यायचं ते सगळं बाहेर पडत होतं, आणि समोर ऐकायला माणूस होतं, तेही जिने चित्र काढलं ती. म्हटलं, बाई एकट्याच असतात. म्हणजे जावई वगैरे आहे, पण असून नसल्यासारखा. संध्याकाळी घरी जायचं त्यांच्या जिवावर येतं. म्हणतात, दिवसातून एकदा कुणीतरी आतून हाक मारावी एवढंच पाहिजे असतं, फार काही नाही, नुसतं “आलीस का?” म्हटलं तरी चालेल. आणि ह्या चित्राकडे बघितलं की त्यांना वाटतं, आता मारेल. मी वळून किटलीकडे गेले, चहा कधीच उकळून आटला होता.

ती स्टुलावरून उठल्याचं मला ऐकू आलं. मग म्हणाली, “खरं सांगू? त्या दिवशी घरात कुणी नव्हतं.” मी वळले. “सगळे लग्नाला गेले होते. मला सुट्टी मिळाली नाही, आणि मग त्या दिवशी लॅबच बंद निघाली. संत्रं मीच सोललं. पेला माझाच. चारी खुर्च्या टेबलाला चिकटून अशा सरळ उभ्या होत्या, मला ते बघवेना. मग मीच एक ओढली. जरा तिरपी केली, मागे जाऊन बघितली, पुन्हा केली. कुणीतरी आहे असं वाटावं म्हणून.” ती चित्राकडे बघत होती, मी तिच्याकडे. “हे मी कुणाला बोलले नाही कधी. भरल्या घरात राहणाऱ्या बाईने असलं काय बोलायचं. आणि त्यांनी बरोबर ओळखलं. न बघता, न भेटता. कशा असतात हो दिसायला?”

खरं काय ते सांगूनच टाकणार होते मी. अगदी ओठांपर्यंत आलं होतं. दोन पावलांवर ती होती, तिच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचं, अहो, इकडे बघा. अशी दिसते. केसांत भुसा, हाताला डिंक, चाळिशी नाकावर घसरलेली. त्या खुर्चीची वाट मी बघते आहे, तुम्ही ओढलीत आणि मी वाट बघते आहे, आपण दोघी एकाच टेबलाशी दहा-अकरा वर्षं बसलो आहोत आणि एकमेकींना ठाऊक नाही. मला ती हवी होती, सरळ सांगते. मैत्रीण म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा. दर आठवड्याला यावं तिने, स्टुलावर बसावं, मी काम करता करता लोकांच्या कुत्र्यांची मापं काढावीत आणि तिने फिसकन हसावं. इतक्या वर्षांत इतकं काही मला हवंसं वाटलेलं नव्हतं. आणि त्याच वेळी मला तिचा चेहरा दिसत होता. उजळलेला. जे आपलं कुणी लागत नाही अशा कुणाला तरी आपलं मन कळलं, हा उजेड होता तो, आणि तो दूरच्या माणसाचाच असावा लागतो. मी म्हणजे कोण? भुशातली दुकानवाली. मी बोलले असते तर ती एकेक वाक्य मनातल्या मनात उलटून तपासती, हे मला बरं वाटावं म्हणून बोलली, हेही, आणि हेही. रविवारी गाडी येती. अंगठ्यावरची ती निळी रेघ तिने पुढच्या आठवड्यात घासून काढून टाकली असती.

“उंच आहेत,” मी म्हटलं. “सडपातळ. केस अजून काळे आहेत. बोलतात फार छान.”

“वाटलंच मला,” ती म्हणाली.

मग तिने भराभर ठरवलं, जशी माणसं आतून हलकी झाली की ठरवतात. म्हणाली, भंगारात नाही देत. मुलाच्या पलंगाखाली ठेवीन, नाहीतर बाल्कनीत ठेवीन, सून काही म्हणणार नाही. तीन-चार चांगली बघून इथं आणून देईन, दुकानात लावू नका वाटलं तर, पण बाई आल्या की त्यांना दाखवा, आणि त्या काय म्हणतात ते सगळं मला सांगा, हात राखून नको, जसंच्या तसं. “आणि नवीनही एक चाललंय,” म्हणाली, जराशी लाजून. “जिन्याचं आहे. ते त्यांच्यासाठीच करते आता. सांगाल ना?” सांगीन की, मी म्हटलं. न सांगून जाते कुठे. मनात हिशेब चालू झाला होता, बाईंना आता प्रवास झेपेल का, की फोटो पाठवले असं म्हणायचं, आणि जिन्याबद्दल त्यांना काय वाटेल. काहीतरी वाटेलच. त्यांना वाटायला मला कधी वेळ लागलेला नाही. तिने माझे दोन्ही हात हातात घेतले, भुशासकट. “तुमचे फार उपकार झाले,” म्हणाली, “तुम्ही नसता तर त्यांचं म्हणणं मला कळलंच नसतं. किती नीट लक्षात ठेवलंत सगळं.” तिचे हात ऊबदार होते. ते ऊबदार आहेत हे मला कळत होतं, आणि ते उंच, सडपातळ, काळ्या केसांच्या कुणाला तरी दिलेले आहेत हेही कळत होतं, आणि त्या बाईचा मला मनापासून राग आला. काय केलं होतं तिने? एक दिवस उभी राहिली होती का ती माझ्या जागी?

दारापर्यंत मी तिला सोडायला गेले. बाहेर चांगलं ऊन पडलं होतं, समोरच्या दुकानाच्या काचेवरून ते आमच्या पायरीवर येत होतं. ती एक पाय खाली टाकून थांबली. काहीतरी आठवल्यासारखी वळली, माझ्याकडे बघितलं, पहिल्यांदाच नीट बघितलं असं मला वाटलं, आणि म्हणाली, “बघा, किती वेंधळी मी. तुम्हाला विचारलंच नाही. तुम्ही तर रोज बघता. तुम्हाला कसं वाटतं हो ते चित्र?”

मी तोंड उघडलं. माझ्यापाशी काही उरलं नव्हतं. खुर्ची बाईंची झाली होती, संत्र्याची साल बाईंची, कोपरांनी पुसलेल्या चौकटी बाईंच्या, आतून येणारी हाकसुद्धा मी मघाशी माझ्या हाताने त्यांना देऊन टाकली होती. ती वाट बघत उभी होती, सौजन्याने, उन्हामुळे डोळे बारीक करून.

“फ्रेम चांगली बसलीय,” मी म्हटलं.

“हो ना,” ती म्हणाली, “फ्रेम छानच आहे,” आणि पायरी उतरून गेली.